विमान थकते तेव्हा

लोहगावच्या तळावर २००२ मध्ये सुखोई-३० एमकेआय दाखल झाली. धानोरी-विश्रांतवाडीकरांना त्या गडगडाटाची आता इतकी सवय आहे की आपण बोलता बोलता थांबतो आणि आवाज गेला की पुढे बोलू लागतो. वर मात्र जोराच्या वळणात पंखांवर नेहमीच्या कित्येक पट भार येतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते; धातूचेही तसेच. म्हणून विमानाचे वय नुसते वर्षांत मोजणे मला अपुरे वाटते. एकाच वर्षी बनलेल्या दोनपैकी एक विमान जास्त थकलेले असू शकते. पंखाच्या सांध्याजवळ चिकटवलेला स्ट्रेन गेज प्रत्येक ताण नोंदवतो आणि त्यावरून त्याच विमानाचे उरलेले आयुष्य ताडता येते.

खर्च आहे, मान्य. पण डोळ्यांवर किती विसंबायचे? २८ एप्रिल १९८८ रोजी अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चे छत हवाई बेटांवर, २४ हजार फुटांवर फाटले. त्याची ८९,६८० उड्डाणे झाली होती. एका प्रवाशाला चढतानाच चीर दिसली होती. कुणाला सांगितले नाही. (आपल्याकडेही ‘आपल्याला काय करायचंय’ असतेच.) एक हवाई कर्मचारी जिवाला मुकली.

आणि इशारा मिळूनही कुणी ऐकलाच नाही तर? १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा पूल इंद्रायणीत कोसळून ४ जण गेले. तो धोकादायक असल्याचे आधीच जाहीर होते. म्हणून सेन्सर बसवतानाच, आकडा मर्यादेपलीकडे गेला की उड्डाण कोण रोखणार हे लेखी ठरवावे. तो अधिकार वेळापत्रक सांभाळणाऱ्याकडे नसावा.