वस्तीचे आरोग्य आपणच मोजले पाहिजे

एप्रिल आला की घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत आपल्या वस्त्यांमध्ये जयंतीनिमित्त आरोग्य शिबिरे होतात. बीपी, शुगर तपासतात, चष्म्याचे नंबर काढतात. काम चांगलेच आहे. पण शिबिर संपल्यावर विचारा, 'आपल्या वस्तीत बीपीचे प्रमाण किती?' उत्तर कोणाकडेच नसते. शिबिराला ज्याला त्रास आहे तो येतो, नाहीतर ज्याला सवड आहे तो. घरकामाला जाणारी बाई, नाक्यावरचा मजूर, रात्रपाळीचा वॉचमन त्या रजिस्टरमध्ये नसतोच. म्हणून शिबिराचा आकडा हा वस्तीचा आकडा नव्हे.

'सर्व्हे करायला सरकार आहे की!' असे आपली मंडळी म्हणतात. आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहे. म्हणजे ते आपल्या उपनगरातूनच चालते. पहिली पाहणी १९९२-९३ची, पाचवी २०१९-२१ची. तिचे अहवाल इंटरनेटवर फुकट मिळतात. महाराष्ट्राच्या अहवालात 'बौद्ध/नवबौद्ध' असा वेगळा रकानाही असतो. तो आपल्यापैकी किती जणांनी उघडून पाहिला आहे? पण जिल्ह्याच्या पत्रकात मुंबई उपनगर हा एकच जिल्हा आहे. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९३ लाखांवर होती. पाली हिलचा बंगला आणि डोंगर उतारावरची झोपडी यांची सरासरी काढली की झोपडीचे दुखणे त्यात बुडून जाते. आपल्या गल्लीचा आकडा त्यात मिळणार नाही. तो आपल्यालाच काढावा लागेल.

त्यासाठी लागणारी साधने आज फुकट आहेत. किती घरे तपासायची हे 'ओपन-एपी' या संकेतस्थळावर काढता येते. समजा वस्तीत १२०० घरे आहेत आणि प्रश्न आहे : गेल्या वर्षभरात तिशीपुढच्या एकाही माणसाचे बीपी तपासलेले नाही, अशी घरे किती? पाच टक्के इकडे-तिकडे चालणार असेल, तर साधारण २९२ घरे पुरतात. म्हणजे दर चौथे घर. दार बंद असेल तर शेजारच्या घरात जायचे नाही, संध्याकाळी पुन्हा त्याच दारात जायचे. नाहीतर कामावर जाणारे पुन्हा सुटतात. माहिती भरायला 'कोबो-टूलबॉक्स' आहे. प्रश्न मराठीत टाका, साध्या मोबाइलवर नेट नसतानाही उत्तरे भरा. प्रश्न काय विचारायचे, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची 'स्टेप्स' पद्धत आहे : आधी तंबाखू, दारू, आहार, हालचाल, मग बीपी, वजन, उंची, जमले तर शेवटी रक्ततपासणी. पद्धत शिकायची असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोग संस्थेचा आरोग्य संशोधनाचा अभ्यासक्रम एनपीटीईएलवर आहे. शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षा द्यायची तरच शुल्क भरावे लागते.

मोजल्याने काय होते? डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि आधी कधी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम आठ. १९८९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि बायकांच्या 'अंगावर काढलेल्या' दुखण्यांची जगाला दखल घ्यावी लागली. दुखणे जुनेच होते. आकडा नवा होता.

मी नर्सिंगचा डिप्लोमा केलेली बाई आहे, डॉक्टर नाही. तरी सांगते, यातले बहुतेक काम बारावी झालेली मुलगी नीट शिकवले तर करू शकते. अडचण अक्कलेची नाही, भाषेची आहे. हे सगळे शिक्षण मुख्यतः इंग्रजीत आहे. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांनी ते मराठीत दिलेच पाहिजे, आणि ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. तोवर आपल्यातल्या शिकलेल्यांनी रविवारचे दोन तास विहारात बसून ते मुलांना समजावून सांगावे.

दोन पथ्ये मात्र पाळा. विचारल्याशिवाय आणि 'नाही' म्हणायची मुभा दिल्याशिवाय कोणाची माहिती घेऊ नका. आणि टीबी, एचआयव्ही किंवा दारूची माहिती नावासकट कुठेही ठेवू नका, ग्रुपवर तर मुळीच नाही. वस्तीत बोभाटा झाला तर पुढच्या वेळी दार उघडणार नाही. बीपी जास्त निघाले तर त्याच दिवशी पालिकेच्या दवाखान्याची चिठ्ठी हातात द्या. नुसते मोजून निघून जाणे हा अन्याय आहे.

येत्या जयंतीला शिबिर जरूर घ्या. पण त्याआधी महिनाभर दर चौथ्या घरी जा. मग तो कागद घेऊन वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्यांसमोर बसा. 'आमच्याकडे दवाखाना हवा' या अर्जाला आश्वासन मिळते. '२९२ पैकी इतक्या घरांत कोणाचेच बीपी तपासलेले नाही' या कागदाला उत्तर द्यावे लागते.