मोजून चार रातकिडे

माझ्या मुलीने सरड्याच्या त्या पिल्लाचं नाव पाचू ठेवलं होतं. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आमच्या घरी ती आली तेव्हा जेमतेम बोटाएवढी होती. डोक्यावर टोपासारखा उंचवटा असलेली ही व्हेल्ड शॅमेलिऑनची जात मूळची येमेनची आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातली. अमेरिकेत ती सहज विकत मिळते. दुकानातून आम्ही जाळीचा पिंजरा, दोन दिवे आणि कॅल्शियमची पूड आणली. तिला खायला किती द्यायचं, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, “खाईल तेवढं.”

मला ते उत्तर फार आवडलं. मी चिपळूणची. आमच्याकडे पानातलं संपायच्या आत वाढणारीचा हात पुढे येतो आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला आणखी एक पोळी मिळते. पाचूची जीभ सटकन बाहेर येऊन रातकिडा टिपायची, की मी लगेच दुसरा सोडायचे. रोज दहा, कधी बारा. ती भराभर वाढली आणि मला वाटलं, माझ्या हाताला यश आलं.

आठव्या महिन्यात तिने खाणं सोडलं. एरवी फांदीवरून न उतरणारी पाचू पिंजऱ्याच्या तळाशी फिरू लागली, कोपरे उकरू लागली. तिला बाहेर यायचंय, असं आम्हाला वाटलं. चौथ्या दिवशी ती भरदुपारी डोळे मिटून बसली. दिवसा डोळे मिटलेला शॅमेलिऑन आजारी असतो, हे मला डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं. एक्स-रेमध्ये तिचं पोट अंड्यांनी गच्च भरलेलं दिसलं. डॉक्टरांनी मोजली. सदुसष्ट.

“पण नर तर नाहीच आमच्याकडे,” मी म्हणाले. त्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, की तो लागत नाही. कोंबडी कोंबड्यावाचून अंडी घालते, तशीच हीसुद्धा घालते. त्यातून पिल्लं निघत नाहीत, एवढंच. माझं बालपण परसातल्या कोंबड्यांमागे धावण्यात गेलं, तरी हे मला सुचलं नव्हतं.

रानात ही मादी झाडावरून उतरते, ओलसर माती खोल उकरते आणि त्यात अंडी घालते. मनाजोगती जागा मिळाली नाही, तर अंडी पोटातच धरून ठेवते. आमच्या पिंजऱ्याच्या तळाला वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. ती चार दिवस कागदावर माती शोधत होती. शस्त्रक्रिया झाली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाचू गेली.

अंडी किती होणार, हे बरंचसं खाण्यावर आणि उष्णतेवर ठरतं, हे मी नंतर शिकले. भरपूर अन्न आणि कडक ऊब मिळाली, की तिच्या शरीराला सुगीचे दिवस आल्यासारखं वाटतं आणि ते अंड्यांच्या मागे लागतं. त्यासाठी लागणारं कॅल्शियम तिच्याच हाडांतून जातं. म्हणजे मी प्रेमाने सोडलेला प्रत्येक जादा रातकिडा तिच्या पोटातलं ओझं वाढवत होता. हे मान्य करायला मला वर्ष लागलं.

पुढे कुणीतरी सोडून दिलेली अशीच एक मादी आमच्याकडे आली. तिला आम्ही एक दिवसाआड मोजून चार रातकिडे देतो. तिची ऊब घेण्याची फांदी 27-28 अंश सेल्सिअसवर ठेवतो. अतिनील किरणांचा दिवा डोळ्यांना चांगला उजळ दिसत असला, तरी आतून क्षीण होत जातो, म्हणून तो ठरल्या मुदतीत बदलतो. भांड्यातलं पाणी ती पीत नाही. मनी प्लांटच्या पानांवरून ओघळणारे थेंब पिते. कुंडीतल्या जास्वंदीचं एक फूल देवाला जातं, एक तिला. आणि पिंजऱ्यात कायम एक बादली असते, फूटभर खोल ओल्या वाळूची, मुठीत दाबली की आकार धरून राहील अशी.

ती खाली उतरून उकरू लागली, की आम्ही पिंजऱ्याभोवती चादर लावतो, कारण कुणी पाहतंय असं वाटलं तर ती काम अर्धवट टाकते. मागच्या खेपेला तिने बावीस अंडी घातली, वाळू लोटून बीळ बुजवलं आणि नाकाला वाळू चिकटलेली तशीच ती फांदीवर परतली.

पुण्यातला माझा भाचा आता मला असल्या प्राण्यांचे फोटो पाठवून विचारतो, “मावशी, घेऊ का?” आपल्याकडचा घोयरा सरडा म्हणजे भारतीय शॅमेलिऑन. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळणं गुन्हा आहे. त्याला झाडावरच राहू दे. व्हेल्डसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या परदेशी जाती पाळणाऱ्यांना कायद्यातल्या 2022च्या दुरुस्तीनंतर सरकारी नोंदणी करावी लागते. हे सगळं मी त्याला सांगितलं. मग विचारलं, “अंडी अडली तर मध्यरात्री कोणत्या डॉक्टरकडे जाशील?” त्याच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर मिळेपर्यंत घेऊ नकोस, एवढंच माझं म्हणणं आहे.

विकणाऱ्यांना मात्र माझं मागणं याहून कडक आहे. या जातीच्या नराच्या मागच्या पावलाला टाचेशी जन्मापासून बारीक काटा असतो, मादीला नसतो. म्हणजे आपण मादी विकतो आहोत, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळू शकतं. मग तिची अंडी, ती नराशिवायही येतात ही गोष्ट आणि तिचं मोजकं खाणं हे पैसे घेण्याआधी सांगणं त्यांचं कर्तव्य आहे. पिंजऱ्यासोबत ते दिवे विकतात, पूड विकतात. मादी असेल तेव्हा वाळूची बादलीही सोबत द्यावी आणि ती कशासाठी ते सांगावं. जे गिऱ्हाईक बादली घरी न्यायला तयार नसेल, त्याला मादी देऊ नये.