हिरव्या गवताचा पंचनामा

वसंत आला की तुमच्या कवींच्या गळ्यात कोकिळा येऊन बसते. बसू द्या. मी गोदीत माल वाहणारा मॅट्रिक पास माणूस. मीही आज वसंतावरच बोलणार आहे, पण तो अमेरिकेतला, जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा गावचा. तिथं दर एप्रिलात मास्टर्स नावाची गोल्फस्पर्धा होते. अख्खं जग ते मैदान बघून म्हणतं, काय मखमल हाय! रातपाळीत मोबाईलवर मीही बघितली. मखमल खरी आहे. हिशेब खोटा आहे.

त्या मैदानाचं अंगचं गवत बर्म्युडा. म्हणजे कोण? आपली हरळी! शेतकरी जिला शिव्या देत खणतो आणि भट जिला दूर्वा म्हणून देवाच्या डोक्यावर चढवतो, तिच्याच कुळातलं. थंडीत ते तपकिरी पडून झोपतं, जमीन ऊबदार झाल्याशिवाय उठत नाही. पण साहेबाला एप्रिलात हिरवं पाहिजे. म्हणून पानगळीच्या दिवसांत त्याच्या उरावर रायगवत पेरतात. आपण बघतो ते वरचं रायगवत. खाली हरळी दबून ऊन येण्याची वाट बघते.

आणि आता वसंताचंच डोकं फिरलंय. फेब्रुवारीतच ऊन चढतं, हरळी फसते, मुळातली शिदोरी खर्चून कोंब काढते. मागून गोठवणारी रात्र येते आणि कोंब मरतात. शिदोरी दोनदा कुठून आणायची? गोठलेल्या पात्यावर बूट पडला तर पातं मोडतं, मग तिथं पावलाचा मेलेला ठसा उमटतो. म्हणून ऊन येईतो खेळ थांबवतात. गवताला इतका मान! २००७ च्या मास्टर्सच्या आठवड्यात अशीच थंडी उलटली. विजेत्याला २८९ फटके लागले, आणि त्याच थंडीत तिकडच्या पीचच्या बागा होरपळल्या.

भोकाभोवतीची बारीक कापलेली चटई, तिला ग्रीन म्हणतात. तिथं १९८१ पासून थंड मुलखातलं बेंटगवत आहे. ओलीनं सडेल, उन्हानं करपेल असं लाडकं बाळ. त्याच्यासाठी जमिनीखाली नळ्या आणि पंखे. पाऊस पडला की पाणी खालून ओढून घ्यायचं, मुळांना हवा द्यायची. सबएअर नावाचं हे यंत्र १९९० च्या दशकात याच क्लबात जन्मलं.

तुम्ही म्हणाल, गवताची निगा हे शास्त्र आहे, त्यात काळा-गोरा कुठून आणलास? सांगतो ना.

यंत्र नव्हतं तेव्हा ते गवत कुणाला कळायचं? कॅडींना, खेळणाऱ्याच्या पिशव्या वाहणाऱ्या काळ्या माणसांना. मास्टर्समध्ये क्लबचेच कॅडी घ्यायचे हा नियम होता आणि ते सगळे काळे. रात्रीच्या पावसानं उतार किती मंदावला, सकाळच्या उन्हानं किती पळेल, हे त्यांच्या तळपायाला ठाऊक. कार्ल जॅक्सन त्यातलाच. त्याला सोबत घेऊन बेन क्रेनशॉनं १९८४ आणि १९९५ ला मास्टर्स जिंकली. पण क्लबनं पहिला काळा सभासद घेतला कधी? १९९० साली! पाठ चालते, बूड चालत नाही.

आता १९८२ चा एप्रिल बघा. गुरुवारी पाऊस कोसळला, खेळ थांबला. शुक्रवारी सकाळी पुन्हा कधी सुरू होणार यात घोळ झाला, काही कॅडी उशिरा पोचले. झालं! साहेबांनी तक्रारीची पत्रं लिहिली, आणि १९८३ पासून ज्यानं त्यानं आपला कॅडी आणावा असा नवा नियम आला. बहुतेकांनी आपापले आणले. पन्नास वर्षं तुडवलेल्या गवतावरून काळी माणसं एका पावसात बाहेर. गोदीत पावसानं काम थांबलं की हजेरी कुणाची जाते ते मला माहीत आहे. पाऊस काही रंग बघून पडत नाही, पण त्याचं बिल रंग बघूनच फाटतं.

आणखी एक. या क्लबाच्या जागी आधी फ्रूटलँड नावाची रोपवाटिका होती. १८५७ मध्ये बर्कमन्स घराण्यानं घेतलेली. जॉर्जियाचा पीच नावारूपाला आला त्यात तिचा मोठा वाटा. आज तिथं पीच उरलाय तिसऱ्या भोकाच्या नावात, फ्लॉवरिंग पीच. फळाला थंडीचे तास लागतात, मोहराला ऊब लागते. २०२३ ला हिवाळा उबदार गेला, मोहर लवकर आला आणि मार्चच्या थंडीनं मारला. जॉर्जियातला नव्वद टक्क्यांहून जास्त पीच गेला. तो तोडायला माणसं येतात ती बरीचशी मेक्सिकोतून, हंगामी परवान्यावर. फळच नाही तर तोडणार काय, खाणार काय? बागेखाली पंखा कुणी बसवला नव्हता.

त्याच एप्रिलात मास्टर्समध्ये वादळ आलं, झाडं पडली, शनिवारी खेळ थांबला. रविवारी पुरा झाला. जिंकणाऱ्याला ३२ लाख ४० हजार डॉलर मिळाले, आणि गवत तसंच हिरवं.