गल्ला त्यांचा, गुन्हा आमच्या पोरांवर!

२०२५ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत धाराशिवच्या न्यायालयाबाहेरील चहाच्या टपरीवर एकच विषय होता. 'छावा'ने किती कोटी कमावले? काल चारशे झाले, आज साडेचारशे झाले, परवापर्यंत पाचशे होणार! ज्याच्या खिशात गावी परतण्यापुरते एस.टी.चे भाडे होते, तोदेखील कोटीच्या खाली बोलायला तयार नव्हता. तारखेला आलेले पक्षकार आपल्या खटल्याची पुढची तारीख विसरत होते. पण सिनेमाचा आकडा त्यांना तोंडपाठ होता. आम्ही हे सारे ऐकत होतो आणि मनात एक प्रश्न येत होता. हे कोटी गेले कोणाकडे आणि त्याचे बिल आले कोणाच्या नावावर?

आधी कोटींचा हिशेब करू. लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित 'छावा' हा हाणामारीने भरलेला भव्य चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवर तो बेतलेला. खर्च १३० कोटींच्या आसपास सांगितला गेला आणि जगभरचा गल्ला सुमारे ८०० कोटी. हे आकडे सिनेव्यापारातल्या लोकांचे अंदाज असतात, लेखापरीक्षकाने सही केलेला ताळेबंद नव्हे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. तरीही ते खरे धरू. आता दोनशे रुपयांचे एक तिकीट घ्या. शंभर रुपयांवरील तिकिटाला १८ टक्के जी.एस.टी. म्हणजे साधारण तीस रुपये करात गेले. उरलेल्या एकशे सत्तरपैकी ढोबळमानाने निम्मे चित्रपटगृहाच्या मालकाचे, निम्मे वितरक आणि निर्मात्याचे. देशातील गल्ला कर वजा जाता सुमारे ६०० कोटी झाला असेल, तर त्यातले तीनशे कोटी निर्मात्याच्या बाजूला आले. शिवाय परदेशातील गल्ला वेगळा, दूरचित्रवाणीचे आणि मोबाईलवर दाखवण्याचे हक्क वेगळे. धंदा म्हणून उत्तमच झाला. धंदा करणे हा गुन्हा नाही आणि चांगला धंदा केला म्हणून आम्हाला कोणाचा हेवा वाटण्याचेही कारण नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजू पाहा. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. नवरा, बायको, दोन लेकरे असे चौघे दोनशेच्या दराने सिनेमाला गेले तर आठशे रुपये लागतात. म्हणजे अडीच दिवसांची मजुरी तीन तासांत संपली. भूम, परंडा, वाशी, कळंबचा ऊसतोड कामगार, मोंढ्यातला हमाल, वस्तीतला गवंडी अशा माणसांच्या अडीच-अडीच दिवसांच्या घामातूनही हे कोटी उभे राहिले. ज्या जिल्ह्याला निती आयोगाने २०१८ साली 'आकांक्षित', म्हणजे सरळ मराठीत मागास जिल्ह्यांच्या यादीत घातले, त्या जिल्ह्यातील माणसाने आपला पैसा खर्चून कोणाची तरी तिजोरी भरली आणि वर त्या तिजोरीचा अभिमानही स्वतःच वाहिला!

त्याच काळात चित्रपट करमुक्त करा, अशी मागणी झाली. मध्य प्रदेश आणि गोव्याच्या सरकारांनी तसे जाहीरही केले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मात्र सांगितले की, राज्यात करमणूक कर २०१७ सालीच रद्द झाला आहे, नसलेला कर माफ कसा करणार? कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते. जी.एस.टी. आल्यापासून राज्याच्या हाती उरतो तो आपल्या वाट्याचा निम्मा कर. तो सोडला की त्याचा भार सरकारी तिजोरीवर, म्हणजे पुन्हा जनतेवरच पडतो. शिष्यवृत्तीसाठी आमच्या मुलांनी समाजकल्याण कार्यालयाच्या पायऱ्या झिजवायच्या आणि शेकडो कोटी कमावणाऱ्याला कर माफ करा म्हणून निवेदने द्यायची, हा कुठला न्याय?

आता बिलाकडे वळू. चित्रपटात मोगलांच्या बुऱ्हाणपूरच्या खजिन्याचा प्रसंग आहे. मार्च २०२५ च्या सुरुवातीला बातमी आली की, बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड किल्ल्याच्या परिसरात गावकरी रात्रीच्या अंधारात मोबाईलच्या उजेडात शेते खणत आहेत, सोन्याची नाणी सापडतील या आशेने! लोक हसले. आम्हाला हसू आले नाही. खजिना मुंबईत निघाला आणि गरिबाच्या हाती कुदळ आणि खड्डा आला, एवढाच त्याचा अर्थ.

खड्ड्यावर भागले असते तर बरे झाले असते. १७ मार्च २०२५ रोजी औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून नागपूर पेटले. ज्या शहरात बाबासाहेबांनी १९५६ साली लाखोंना बुद्धाचा धम्म दिला, त्याच शहरात दगडफेक, जाळपोळ, संचारबंदी झाली. एकाचा बळी गेला, शंभराहून अधिक लोक अटकेत गेले. दुसऱ्याच दिवशी खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत 'छावा'चे नाव घेऊन सांगितले की, या चित्रपटामुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग उफाळून आला. चित्रपटाने दंगल केली, असे आम्ही म्हणत नाही. तसा पुरावा आमच्यापाशी नाही आणि पुराव्याशिवाय बोलणे आमच्या पेशाला शोभत नाही. दंगल माणसे करतात आणि करवणारेही माणसेच असतात. पण राज्याचा प्रमुखच जर हा संबंध सभागृहात जोडत असेल, तर त्या रागाची किंमत सिनेमाच्या खर्चात धरायची की नाही?

त्यानंतर बुलडोझर आला. घर पाडण्यापूर्वी नोटीस द्या, पंधरा दिवसांची मुदत द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी बजावले होते. तरीही २४ मार्च रोजी नागपुरात एका आरोपीचे घर जमीनदोस्त झाले. त्याच दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या कारवाईला स्थगिती दिली आणि पुढे महापालिका आयुक्तांना न्यायालयाची बिनशर्त माफी मागावी लागली. माफीने घर उभे राहत नाही. आज ते घर मुसलमानाचे होते. कायदा बाजूला ठेवण्याची सवय लागली की उद्याचे घर कोणाचे, हे खैरलांजी आणि जवखेडा पाहिलेल्या समाजाला सांगायला नको.

आमच्या टेबलापुढेही अशी प्रकरणे येतात. त्या दिवसांतच एका तालुक्यातील बावीस वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर आला होता. वडील बिगारी काम करणारे. मुलगा पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर धावणारा, पोलीस भरतीची तयारी करणारा. कोणीतरी पाठवलेले चित्र त्याने मोबाईलच्या स्टेटसला ठेवले, खाली दोन ओळी लिहिल्या आणि तक्रार झाली. भारतीय न्याय संहितेचे कलम १९६, म्हणजे जुन्या दंडविधानाचे १५३-अ. तीन वर्षांपर्यंतची कैद, दखलपात्र आणि अजामीनपात्र. त्या बापाने आम्हाला एकच प्रश्न विचारला, "साहेब, आता ह्याची भरती?" आम्ही काय उत्तर देणार? जामीन मिळवता येतो. चारित्र्य पडताळणीच्या कागदावर चढलेला गुन्हा मात्र सहजी उतरत नाही. पडद्यावरच्या नटाला तलवार चालवण्याचे मानधन मिळते. पडद्याखालच्या पोराला दोन ओळींसाठी तारखा मिळतात!

आता इतिहासाचे बोलू, कारण खरी गोम तिथे आहे. छत्रपती संभाजी महाराज हे 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ रचणारे विद्वान राजे. पडद्यावर मात्र त्यांना सिंहाशी झुंजावे लागते, कारण ग्रंथ लिहिणाऱ्या राजावर शिट्ट्या पडत नाहीत. तेही एक वेळ सोडा. चित्रपट महाराजांच्या मरणापाशी संपतो. आमची गोष्ट तिथेच सुरू होते. ज्यांच्या देहाला हात लावायला मोगलांच्या भीतीने कोणी धजेना, त्या राजांवर वढू बुद्रुक येथे अंत्यसंस्कार केले ते गोविंद गोपाळ महार यांनी, ही आमच्या समाजाने पिढ्यान् पिढ्या जपलेली परंपरा आहे. त्यांच्या समाधीजवळच्या फलकावरून डिसेंबर २०१७ च्या अखेरीस वाद झाला, नासधूस झाली आणि १ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगावला जमलेल्या आमच्या लोकांवर हल्ले झाले. त्यासाठी नेमलेल्या चौकशी आयोगाला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत राहिली. १३० कोटींच्या खर्चात गोविंद गोपाळांसाठी दोन मिनिटांची फिल्मही निघू नये?

कोणी म्हणेल, ती निर्मात्याची मर्जी. मान्य. मग त्याच वर्षीच्या दुसऱ्या चित्रपटाकडे पाहा. अनंत महादेवन यांचा 'फुले' ११ एप्रिल २०२५ रोजी, महात्मा फुले जयंतीला यायचा होता. काही ब्राह्मण संघटनांनी हरकती घेतल्या आणि तो २५ एप्रिलवर गेला. सेन्सॉर मंडळाने त्यात बदल सुचवले होते. 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढा, तीन हजार वर्षांच्या गुलामीचा उल्लेख बदला. म्हणजे पहा कसे! एका चित्रपटात राजाचा देह सोलवटून निघताना दाखवता येतो, सोळा वर्षांवरील मुलांनी तो पाहायला हरकत नसते. दुसऱ्या चित्रपटात 'महार' हा नुसता शब्द उच्चारला तर शांतता धोक्यात येते. रक्त चालते, शब्द चालत नाही. कारण रक्ताने माणूस भडकतो आणि शब्दाने माणूस विचार करू लागतो. आठशे कोटींच्या समोर 'फुले'चा गल्ला एक आकडी कोटींतच आटोपला. त्या अपयशाचा दोष फक्त सेन्सॉरला देऊन आम्ही मोकळे होणार नाही. आपल्यापैकी कितीजणांनी 'फुले'चे तिकीट काढले, हेही प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

यात एक धडा आहे. 'छावा'त महाराज लेझीम खेळताना दाखवले, त्यावर आक्षेप आला आणि तो प्रसंग प्रदर्शनापूर्वीच काढला गेला. गणोजी आणि कान्होजी यांना फितूर दाखवले म्हणून शिर्के घराण्याच्या वंशजांनी १०० कोटींच्या दाव्याचा इशारा दिला, दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. 'फुले'वर हरकत आली, तारीख बदलली. ज्याची संघटना मजबूत, त्याचा इतिहास सुरक्षित! गोविंद गोपाळांच्या वतीने किती निवेदने गेली?

आम्ही चित्रपटावर बंदी मागत नाही. तसे करणे बाबासाहेबांच्या संविधानाशी प्रतारणा ठरेल. १९८९ साली एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ज्या तमिळ चित्रपटाला संरक्षण दिले, तो आरक्षणावर, म्हणजे आपल्यावरच टीका करणारा होता. तरीही तो निकाल योग्यच होता असे आम्ही मानतो. दंगलीची धमकी आली म्हणून अभिव्यक्तीचा गळा दाबता येत नाही, हे तत्त्व त्यात सांगितले गेले. ते तत्त्व 'छावा'ला लागू आहे, तसे 'फुले'लाही लागू आहे. एकाला पूर्ण आणि दुसऱ्याला अर्धे, असे चालणार नाही, एवढेच आमचे म्हणणे.

पैशानेच सिनेमा चालतो, असेही नाही. आपल्या परंड्याला लागून असलेल्या करमाळ्याच्या नागराज मंजुळे यांनी सुमारे चार कोटींत 'सैराट' केला. २०१६ साली तो मराठीत कोणी पाहिला नव्हता एवढा पैसा मिळवून गेला, तोही जातीचे रक्ताळलेले सत्य दाखवून. उलट जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा चित्रपट केंद्र आणि राज्य सरकारच्या पैशातून झाला, मामुट्टी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण तमिळमध्ये तो लोकांपुढे यावा म्हणून २०१० साली मद्रास उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. सिनेमा बनवणे हे अर्धे काम. तो लोकांपर्यंत नेणे हे उरलेले अर्धे आणि ते आपलेच आहे.

म्हणून आमची समाजाला विनंती आहे. आपल्या विहारांनी, महिला मंडळांनी, जयंती उत्सव समित्यांनी डी.जे.च्या भिंतींवर उधळले जाणारे पैसे थोडे बाजूला काढावेत आणि आपला चित्रपट येईल तेव्हा तालुक्यापासून गाडी करून माणसे न्यावीत. तरुणांनी कोणाच्याही चित्रावर बोट दाबण्यापूर्वी आपल्या भरतीचा, आपल्या बापाच्या हातांवरच्या घट्ट्यांचा विचार करावा. आणि एखाद्या रविवारी कसबे तडवळ्याला जावे. १९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब तिथे महार-मांग वतनदारांच्या परिषदेला आले होते. त्या परिषदेला तिकीट नव्हते, कॅमेरा नव्हता. मैलोन्‌मैल पायी आलेली माणसे घरी परतली ती कोणावर राग घेऊन नव्हे, तर लेकराला शाळेत घालायचे असे ठरवून. त्या लेकरांची नातवंडे आज वकील, शिक्षक, डॉक्टर आहेत. हा गल्ला कोणत्याही कागदावर छापून येत नाही. पण आपल्याकडे आजवर जमा झालेला खरा गल्ला तोच आहे. कोणाच्या तरी सिनेमाच्या रागात तो उधळून टाकू नका!