आधीं ढाळ, मग फरशी

पावसाळा सरला कीं जुन्नर-आंबेगांवकडच्या पुष्कळ घरांतून एकच तक्रार ऐकूं येते. घर व कुंपणाची भिंत यांमधील तीन-चार फूट रुंदीचा बोळ चार महिने चिखलानें भरलेला असतो. परसांत जाण्याची वाट तीच, लांकडें रचण्याची जागा तीच, आणि वडील माणसांचा पाय घसरण्याची भीतिही तेथेंच. "थोडक्या खर्चांत येथें कोणती फरशी घालावी?" असें गृहिणी विचारतात. त्यांस आमचें पहिलें सांगणें असें, कीं फरशीचा विचार शेवटचा, आधीं पाण्याचा.

जुन्नरांतील एका परिचित वाड्याची हकीकत या बाबतींत बोधप्रद आहे. तेथें तीन भावांचें एकत्र कुटुंब. एका उन्हाळ्यांत थोरल्या भावानें सारा बोळ भिंतीला भिडेपर्यंत काँक्रीटनें भरून काढला. ढाळाकडे कोणी पाहिलें नाहीं. पहिल्या वर्षीं चिखल गेला म्हणून सर्वांस आनंद झाला. दुसऱ्या वर्षीं आजींच्या खोलीची भिंत हातभर उंचीपर्यंत ओलावली, चुना फुगला, लोणा लागला. पूर्वीं मातीवाटे उडून जाणारी ओल काँक्रीटखालीं कोंडली आणि मातींत रचलेल्या त्या जुन्या भिंतींत चढली. आजींचा खोकला थांबेना. अखेर त्यांचें अंथरूण माजघरांत आणावें लागलें. पुढें धाकट्या भावानें भिंतीलगतची फूटभर पट्टी फोडून तींत खडी भरली, वळचणीला पन्हळ लावली व पाण्यास बाहेरची वाट करून दिली. भिंत वाळावयास दोन उन्हाळे लागले. घालण्याचा खर्च तर गेलाच, फोडण्याचा वर पडला. आणि भावाभावांत जे शब्द झाले त्यांचा हिशेब निराळाच.

वास्तविक हा धडा जुन्नरास नवा नाहीं. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी व शिवनेरी येथील लेणीं खोदणाऱ्यांनीं लेण्यांशेजारींच खडकांत पाण्याचीं टाकीं खोदलीं. शिलालेखांत या टाक्यांस 'पोढी' म्हटलें आहे; इरिल नांवाच्या एका यवनानें दोन पोढी दान दिल्याचा लेखही जुन्नरच्या लेण्यांत आहे. राहण्याची जागा करतांना पाण्याचीही सोय करावी, हें शहाणपण येथें सुमारें दोन हजार वर्षांचें जुनें आहे.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. वीस फूट लांब व पंधरा फूट रुंद जागा झांकणाऱ्या छपरावर एक इंच पाऊस पडला, तर सुमारें ७०० लिटर पाणी उतरतें. तें पागोळ्यांनीं बोळांत कोसळूं दिल्यास कोणतीही फरशी फार दिवस टिकणार नाहीं. म्हणून पहिला खर्च वळचणीच्या पन्हळीचा.

दुसरें काम ढाळाचें. बोळ घराच्या जोत्याहून निदान सहा इंच खालीं असावा. घराकडून कुंपणाकडे दर फुटास पाव इंच, आणि लांबींत दर दहा फुटांस दोन इंच उतार पुरे. पाण्यानें भरलेली पारदर्शक नळी दोन टोकांस धरली कीं पातळी कोणासही पाहतां येते. नुसत्या नजरेवर विसंबूं नये. नाली कुंपणाच्या बाजूस काढावी, घराच्या पायाशीं कधींही नको. जमीन काळी असेल तर ती भिजून फुगते व वाळून भेगाळते. यास्तव फूटभर खणून काढून तेथें मुरूम भरावा आणि पाणी मारून धुमसानें चोपावा.

इतकें झालें कीं फरशीचा प्रश्न सोपा होतो. सर्वांत स्वस्त म्हणजे चोपलेल्या मुरुमावर तीन इंच खडी व चालण्यापुरते मधोमध सपाट दगड. त्याहून बरी पक्क्या विटांची बांधणी : विटा वाळूवर उभ्या कडेनें बसवाव्या व सांध्यांत वाळूच भरावी, एखादी खचली तर तेवढीच उचलून बसवितां येते. पडक्या वाड्याचे चिरे मिळाले तर त्यांहून उत्तम कांहींच नाहीं. शहाबादी फरशी घ्यावयाची तर खडबडीत पाठीची घ्यावी. गुळगुळीत फरशीवर शेवाळ धरलें कीं पाय सुटलाच. कांहींही घाला, भिंतीलगत खडीची पट्टी मात्र मोकळी ठेवा.

नालीचें पाणी न्यावयाचें कोठें? येथें आपल्या दोन तालुक्यांतच दोन प्रकार आहेत. नाणेघाट, आहुपे या पश्चिम बाजूस पाऊस इतका, कीं शोषखड्डा तुडुंब भरतो. तेथें पाणी उताराच्या ओढ्याकडेच काढून द्यावें. आणे पठार किंवा लोणी-धामणीकडे पाणी दुर्मिळ. तेथें तें घालविणें म्हणजे उधळपट्टीच. चार फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तळाशीं मोठे दगड, वर लहान दगड व त्यांवर खडी भरावी. खड्डा घरापासून निदान दहा फूट व विहिरीपासून पन्नास फूट दूर असावा. भरण्यापूर्वीं त्यांत पाणी ओतून पाहावें. दुसऱ्या दिवशींही तें तसेंच उभें असेल तर ती जागा सोडावी. न्हाणीचें व भांड्यांचें पाणी अळू, केळ, कर्दळ यांस द्यावें. पण सांचूं देऊं नये, नाहींतर डांसांस आमंत्रणच.

आणखी एक गोष्ट. आपला बोळ कोरडा करतांना शेजाऱ्याची भिंत ओली होत नाहीं ना, हें नाली खणण्यापूर्वींच त्यांस बोलावून दाखवावें. खर्च अर्धा-अर्धा वांटला तर दोन घरांची एकच नाली होते, आणि बोलणींही गोड राहतात.

शेवटीं एक बिनखर्चाची सूचना. काम वैशाखांत करावें, पण त्याची पाहणी आधींच्या आषाढांत. भर पावसांत छत्री घेऊन घटकाभर बोळांत उभें राहावें व पाणी कोठून येतें, कोठें थबकतें, कोठें जाऊं पाहतें तें पाहून भिंतीवर खुणा कराव्या. पुढें गवंडी येईल तेव्हां त्यास फरशीचा नमुना दाखविण्यापूर्वीं त्या खुणा दाखवाव्या.