बक्षिसी आणि टॅक्सीचालकाची मजुरी

मुंबईत टॅक्सीतून उतरताना स्थानिक उतारू मीटरप्रमाणे पैसे मोजतो. फार तर सुटे दोन-तीन रुपये सोडून देतो. गेटवे ऑफ इंडियापाशी उतरणारा परदेशी पर्यटक मात्र पुष्कळदा मोठी नोट देऊन उरलेले पैसे मागत नाही. यावरून पहिला कंजूष आणि दुसरा उदार ठरविला जातो. हा निष्कर्ष वरवरचा आहे.

स्थानिक उतारू बहुधा स्वतःच पगारदार असतो. आजारी माणसाला इस्पितळात न्यावयाचे असते किंवा सामान अवजड असते, तेव्हा तो टॅक्सी करतो. सरकारने ठरविलेले भाडे आपण पुरे दिले, हा त्याचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. पर्यटक आपल्या देशाची रीत बरोबर आणतो. अमेरिकेत टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यावयाचे किमान रोख वेतन संघीय कायद्यानुसार १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवरच थांबले आहे. उरलेली रक्कम टिपेतून भरून निघेल, असे गृहीत धरलेले आहे. ग्राहकाच्या औदार्याने मालकाचे ओझे कसे हलके होते, हे यावरून दिसते.

१ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईतील काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे २८ वरून ३१ रुपये झाले. त्यातून इंधन, दुरुस्ती आणि गाडी दुसऱ्याची असल्यास मालकाचे रोजचे पैसे वजा जातात. उरते ती मजुरी. ती अपुरी पडली की चालकाची नजर पर्यटकाकडे वळते, जवळचे भाडे नाकारले जाते आणि दोन कष्टकरी रस्त्यातच भांडतात.

अॅपवाल्या कंपन्यांनी या ओढाताणीचाच धंदा मांडला. प्रवासापूर्वीच टिप मागण्याच्या पद्धतीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये उबर कंपनीला नोटीस बजावली. सेवेनंतर खुशीने दिलेली बक्षिसी निराळी. गाडी मिळावी म्हणून आगाऊ मोजलेले पैसे हा सरळ लिलाव होय.

खुशीचे चार रुपये कोणी नाकारू नयेत. परंतु बक्षिसी थांबली तर चालकाला कोठेही दाद मागता येत नाही. भाडे आणि कंपनीचे कमिशन यांविषयी मात्र संघटितपणे मागता येते. इंधनाच्या दराशी निगडित भाडे, कमिशनवर मर्यादा आणि आजारपण-म्हातारपणाची तरतूद या मागण्या चालकांच्या संघटनांनी नेटाने लढवाव्यात. त्यामागील हिशेब नोकरदार उतारूंपर्यंत पोहोचविणे, हे कामगार चळवळीचे तातडीचे काम आहे.