नागावला जाताय? आक्षीला थांबा

शनिवारी सकाळी अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. नागावचं सुरूचं बन, बनाना बोट आणि दुपारचं सुरमईचं ताट सगळ्यांना खुणावत असतं. नागावच्या अलीकडेच आक्षी लागतं. तिथं फार थोड्या गाड्या थांबतात, याची मला मनापासून खंत वाटते.

आक्षीत एक कोरीव दगड आहे. वर चंद्र-सूर्य, खाली देवनागरी लेख. शं. गो. तुळपुळे यांनी त्यातला काळ शके 934, म्हणजे इ.स. 1012 असा वाचला. हे वाचन सर्वांना मान्य नाही. पण ते धरलं तर हा लेख सोलापूरजवळच्या कुडलच्या शके 940 च्या मराठी लेखाहूनही जुना ठरतो. पश्चिम समुद्राचा अधिपती म्हणवणारा कोकणचा राजा केशिदेवराय, त्याचा महाप्रधान भइर्जू सेणुई आणि महालक्ष्मीच्या बोडणासाठी लावून दिलेलं नऊ कुवली धान्य, एवढाच मजकूर. लढाया नाहीत, पराक्रमाची वर्णनं नाहीत. देवीच्या नैवेद्याची तजवीज आहे. ते बोडण कोकणातल्या कित्येक घरांत आजही भरतात.

आपली माणसं हौसेनं पेरूला जातात, अँडीज पर्वतात 2,430 मीटर उंचीवरचं माचू पिचू पाहून येतात. जरूर जावं. पंधराव्या शतकातलं ते इंकांचं नगर पाहण्यासारखंच आहे. पण इंकांकडे आपल्यासारखी लिपी नव्हती. हिशेब ते दोऱ्यांच्या गाठींत ठेवत. त्यामुळे तिथल्या नैवेद्याची नोंद त्यांच्या शब्दांत वाचता येत नाही. आक्षीच्या लेखाचं कुठलंही वाचन धरा, तो माचू पिचूहून जुना आहे आणि आपल्याच भाषेत आहे.

आक्षीतच यादव रामचंद्रदेवाच्या काळातला शके 1213 चा लेखही सापडला आहे. एका छोट्या गावाला एवढं वैभव पुष्कळ झालं.

नागावात खोल्या देणाऱ्या घरमालकांना माझी विनंती आहे : लेखाचा मजकूर आणि त्याचा सोप्या मराठीतला अर्थ छापून ओटीवर लावा, पाहुण्यांना आवर्जून तिकडे पाठवा. शिक्षकांनी सहलीत अर्धा तास आक्षीसाठी राखावा. आणि पाहायला जाल तेव्हा दगडाला तेल-शेंदूर लावू नका, फोटोसाठी अक्षरांत खडू भरू नका. ती झिजली, तर पुन्हा कोरून मिळणार नाहीत.